दहावा फॉर्मा

बाइंडरीत तिला सगळे शिडीबाई म्हणत. हे नाव कटरवाल्या काकांनी ठेवलेलं. काकांनी ठेवलेली बाकीची नावं इथं लिहिण्यासारखी नाहीत, पण हे एक मात्र मानाचं होतं आणि ती ते मिरवायची.

त्याचं असं आहे की पुस्तक छापून येतं ते सुटं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, त्या कागदाच्या घड्या घालायच्या, की झाला एक फॉर्मा. असे बारा फॉर्मे एकावर एक ठेवले की पुस्तक. आता ते बाराही ओळीनं लागलेत की नाही हे पानं उलटून बघत बसलं तर दिवसाला दहा पुस्तकं व्हायची आणि मालक कपाळाला हात लावून बसायचे. म्हणून छापखानावाले प्रत्येक फॉर्म्याच्या पाठीवर, घडीच्या जागी, एक जाडसर काळी रेघ छापतात. पहिल्याची सगळ्यात वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. बारा बरोबर लागले की पाठीवर काळी शिडी दिसते. एखादा पुढंमागं झाला की पायरी तुटते.

बाकीच्या बायका पाठ डोळ्यांशी धरून बघायच्या. ही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चहा पिता पिता म्हणायची, "अगं, तो खालून चौथा काढ. सातवा दोनदा लागलाय." काढून बघावं तर सातवा दोनदा लागलेला. बावीस वर्षांत तिच्या हातून चुकीचं पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे बाईंची शाळा दुसरीत सुटलेली. आकडे वाचता येत, अक्षरं एकेक करून लावता येत, पण ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असे. "हलवायाला कुठं गोड लागतं," असं ती हसून म्हणायची. मनातून मात्र तिला ते लागायचं.

वाचायचं काम घरी मुलांकडे होतं. नवरा धाकटीच्या जन्मानंतर दोनच वर्षांत गेला. उरले थोरला, धाकटी आणि ही. कापताना वाकडी गेलेली एखादी प्रत काका तिला देत, आणि ती प्रत घरी रोज एक फॉर्मा या हिशोबानं वाचली जाई. जास्त नाही. धाकटी हट्टाला पेटली तर ती म्हणायची, "बारा दिवसांचं जेवण एका दिवशी जेवतेस का? मग!" वाचून झालं की पुस्तक ती स्वतः उशाशी ठेवायची.

थोरल्यानं "पाच वल्ही" वाचायला घेतलं तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. ग्रीक पुराणांतल्या देवांवर आणि राक्षसांवर बेतलेली मुलांची साहसकथा, वर्षाला एक भाग. समुद्रदेवाच्या रागानं एका म्हाताऱ्या नावाड्याचं गलबत फुटतं, त्याची पाच वल्ही पाच ठिकाणी जाऊन पडतात, आणि नावाड्याची मुलगी मोठ्या भावाला घेऊन ती शोधायला निघते. पहिलं वल्हं बैलाच्या तोंडाच्या माणसाच्या भुलभुलैयात. दुसरं एका डोळ्याच्या राक्षसाच्या गुहेत. तिसरं त्या बाईच्या बागेत, जिच्या डोक्यावर केसांऐवजी साप वळवळतात आणि जिच्याकडे पाहणारा दगड होतो. थोरला राक्षसाचा आवाज रिकाम्या पातेल्यात तोंड घालून काढायचा. धाकटी किंचाळायची, शेजारी भिंतीवर थाप मारायचे, आणि शिडीबाई खोटं खोटं रागवायची.

पुस्तकातला तो भाऊ म्हणजे अस्सल ऐदी. सदा भुकेला, सदा चेष्टेत, आणि वेळ आली की बहिणीसाठी राक्षसाच्या तोंडात हात घालणारा. धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा तर आपला दादाच!" खोटं नव्हतं. थोरल्याला हाक मारली की तो आतून ओरडायचा, "आलो, आलो, घर पेटलंय का?" आणि यायचा मात्र नाही. त्याचं "आलो" म्हणजे चहा गार होईपर्यंतची निश्चिंती.

मग थोरल्याला मालवाहू जहाजावर नोकरी लागली. इंजिनखोलीत मदतनीस. जाताना तो धाकटीला म्हणाला, "चौथा भाग तू वाच आईला. पण राक्षस आले तर पातेलं वापरायचं, नुसतं तोंडानं चालणार नाही." दर दुसऱ्या रविवारी त्याचा फोन यायचा. कुठल्या कुठल्या बंदरातून, घरघरत, मध्येच तुटत, पण यायचा.

चौथ्या भागाची वाकडी प्रत हाती यायला आठ महिने लागले, आणि त्यात भाऊ हरवला. चेटकिणीच्या बेटावर तो गोडं पाणी भरायला उतरतो आणि परत येत नाही. बहीण तीन दिवस किनाऱ्याला नाव लावून हाका मारते. चौथ्या दिवशी वारा दोर तोडतो आणि नाव तिला घेऊन वाहत जाते. भाग तिथंच संपला. आणि त्याच महिन्यात थोरल्याचे फोन बंद झाले.

अकरा वर्षांच्या पोरीला दोन आणि दोन चार करायला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं जाहीर केलं की पाचव्या भागात तो भाऊ परत येणार, आणि तो आला की आपला दादाही येणार. शिडीबाईनं तिला झापलं. "कुठली ती पुस्तक लिहिणारी बाई, कुठला तुझा दादा! काहीतरी बादरायण संबंध लावत बसू नकोस." पण बुडत्याला काडीचा आधार. कंपनीला चार महिन्यांत वीस फोन करून "चौकशी चालू आहे" याच्यापलीकडे एक शब्द हाती लागला नव्हता. पाचव्या भागाचे छापील गठ्ठे बाइंडरीत उतरले त्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून तिनं त्यांच्यावरून हात फिरवला. स्वतःचीच लाज वाटली तिला, पण फिरवला.

बाइंडरीचा एक जुना नियम होता. एका टेबलावर एकच पुस्तक. तो त्या आठवड्यात मोडला. शाळांना सुट्टी लागायच्या आत प्रकाशकाला दोन पुस्तकं हवी होती. एक पाचवा, म्हणजे शेवटचा भाग. आणि दुसरं एक नवीनच, "पाच वल्ह्यांच्या आधी", त्या बहीणभावाच्या लहानपणाच्या गोष्टींचं. त्याची कव्हरं अजून यायची होती, म्हणून त्याचे गठ्ठे टेबलाखाली ठेवून दिलेले. मालक म्हणाले, "सांभाळून घ्या हो." शिडीबाई म्हणाली, "मी आहे ना."

गुरुवारी दुपारी मालकांनी केबिनमधून हाक मारली, "शिडीबाई, तुमचा फोन!"

जहाज कंपनीचा माणूस होता. आवाज इतका गोड, की तिला आधी वाटलं चांगलीच बातमी.

"बाई, जहाज परवा मुक्कामाच्या बंदराला लागलं. तुमचा मुलगा त्यावर नाही."

"नाही म्हणजे?"

"मधे एका बंदरात पाणी भरायला जहाज थांबलं होतं. तो किनाऱ्यावर उतरला, आणि निघायच्या वेळी परत आला नाही. जहाजाला थांबता येत नाही हो. तिथल्या लोकांना कळवलंय."

"कधीची गोष्ट ही?"

"चार महिने झाले असतील."

"मग आता मी काय करू?"

"तुम्ही काहीच करायचं नाही, बाई. काही कळलं की आम्ही सांगू."

तिनं फोन ठेवला. मालकांनी विचारलं, "सगळं ठीक?" तिनं मान हलवली. पाणी भरायला. तिला एवढंच ऐकू येत होतं. टेबलाशी परत आली तेव्हा दहाव्या फॉर्म्याचा ढीग संपला होता आणि बायका खोळंबल्या होत्या. ती वाकली, टेबलाखालून दहाव्याचा गठ्ठा ओढला, सुतळी कापली, ढीग लावला आणि टेबलाभोवती फिरायला लागली. एक, दोन, तीन, चार. हातांना काम येत होतं. तिनं संध्याकाळपर्यंत शिड्या तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या.

घरी तिनं काही सांगितलं नाही. काय सांगणार?

सोमवारी काकांनी वाकडी कापलेली प्रत दिली आणि वाचन सुरू झालं. पाचवं वल्हं मेलेल्यांच्या राज्यात पडलेलं असतं, जमिनीखाली, काळ्या नदीपल्याड. नावाड्याची मुलगी तिथं उतरते. वल्ह्यासाठी तर उतरतेच, पण तिला त्याहून मोठी गोष्ट बघायची असते. भाऊ इथं आहे का? असला तर तो मेला. नसला तर जगात कुठंतरी आहे. रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की धाकटी भिंतीला टेकून वाचायची, आणि शिडीबाई हातात काहीतरी निवडत किंवा शिवत बसायची. तीन तोंडांचा कुत्रा आला तेव्हा पातेलं वापरलं गेलं. धाकटीचा आवाज दादासारखा घुमत नव्हता, पण तिनं कसूर केली नाही. इकडे आठ दिवसांत गठ्ठेच्या गठ्ठे पुस्तकं दुकानांत गेलीसुद्धा.

नववा फॉर्मा मंगळवारी संपला तो नेमका अधांतरी. काळ्या नदीचा नावाडी मुलीला सांगतो, "इथं हाक मार. पण एक ध्यानात ठेव, मेलेल्यांना आवाज नसतो. तुझा भाऊ इथं असेल तर तो येईल आणि तुझ्यासमोर मुकाट उभा राहील." मुलगी नदीकाठी जाते. दोन्ही हात तोंडाशी धरते. जीव एकवटून हाक मारते, आणि

फॉर्मा संपला. धाकटीनं पान उलटायला बोट घातलं आणि आईकडे पाहिलं. आईनं पुस्तक काढून घेतलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिलाच नियम मोडावासा वाटत होता.

बुधवारी धाकटीनं भांडी स्वतः घासली, दोन पेले न विसळता तसेच उपडे टाकले, आणि दहावा फॉर्मा उघडला.

"'आलो, आलो! ओरडतेस किती!' असं म्हणत तो हसत हसत डोलकाठीवरून खाली उतरला."

धाकटीचं बोट त्या ओळीवरच राहिलं. मग धाकटी किंचाळली. किंचाळली म्हणजे शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारावी इतकी. "आई! बोलला तो! त्याला आवाज आहे! म्हणजे तो मेलेला नाहीच! आणि बघ ना, काय म्हणाला! आलो, आलो!" ती उठून नाचायला लागली, पुन्हा बसली, पुन्हा तीच ओळ वाचली. शिडीबाईच्या हातातली सुई कुठंतरी पडली. तिला रडू फुटलं. तिच्या कानांनी ते वाक्य धाकटीच्या आवाजात ऐकलंच नव्हतं, थोरल्याच्या आवाजात ऐकलं होतं, आतल्या खोलीतून. त्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या फोनवरचं काही म्हणजे काही तिला त्या घटकेला खरं वाटलं नाही. पोरगं येणार. ओरडतेस किती म्हणत, उशिरा, चहा गार झाल्यावर, पण येणार.

पुढची पंधरा पानं म्हणजे नुसतं सुख होतं. भाऊ अंजिरं खातो आणि देठं बहिणीच्या केसांत खोचतो. दोघं जाळं कुणी विणायचं यावरून भांडतात. म्हातारा बाप दोघांना एकच छडी दाखवतो.

"एकदम घरी कसे पोचले गं?" डोळे पुसत शिडीबाईनं विचारलं.

"मधलं लिहिलंच नाहीये," धाकटी मोठ्या जाणतेपणानं म्हणाली. "लेखिका हुशार आहे. आनंदाच्या वेळी उगाच प्रवास सांगत बसत नाही. वल्ह्याचं काय झालं ते उद्याच्या फॉर्म्यात येईल बघ." आणि ती दादाचा पलंग झाडायला गेली. त्याच्यावर साठवलेली बोचकी तिनं खाली काढली, चादर बदलली, आणि आतून ओरडून विचारलं, "आई, दादाची उशी कुठली गं?"

शिडीबाईनं पुस्तक उशाशी ठेवायला उचललं. बावीस वर्षांची खोड, आंगठा आपोआप पानांच्या कापलेल्या कडेवरून खाली घसरला. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि मग कागद बदलला. अंमळ पातळ, अंमळ पिवळट. जेमतेम एवढीशी पट्टी. तिच्याखाली पुन्हा पांढरं.

तिनं नखानं मोजले. नऊ पांढरे, एक पिवळा, दोन पांढरे.

दहावा. पिवळट कागद पाचव्या भागाचा नव्हताच, तो त्या लहानपणाच्या पुस्तकाचा होता. टेबलाखाली दोन्ही पुस्तकांचे गठ्ठे होते आणि त्या गुरुवारी तिनं न बघता एक ओढला होता. शिडी तुटली नाही, कशी तुटेल? कुठल्याही पुस्तकाच्या दहाव्याची रेघ दहाव्याच पायरीवर असते. रेघेखाली बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव असतं, तेवढं वाचायचं असतं. ते तिनं वाचलं नव्हतं. पानांचे आकडेसुद्धा जुळले होते. आणि वाक्यही जुळलं होतं, जसं कुणी मुद्दाम जुळवावं. तो भाऊ मेलेल्यांच्या राज्यातून बोललाच नव्हता. तो लहानपणी डोलकाठीवर चढून बसला होता आणि बहिणीनं हाक मारली म्हणून उतरला होता, एवढंच.

"आई, उशी!"

"लाकडी पेटीत बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाइंडरीत सगळ्यांच्या आधी पोचली. टेबलाखाली एक गठ्ठा उरला होता. तिनं रेघ बघितली, दहावी पायरी, आणि मग जन्मात पहिल्यांदा रेघेखालची बारीक अक्षरं एकेक करून लावली. पाच वल्ही, भाग पाच. कटरवाले काका पान चघळत आत आले आणि तिला जमिनीवर बसलेली पाहून दारातच थांबले.

"काय झालं गं?"

"काका, एवढं एक पान वाचून दाखवा."

काकांनी चष्मा नाकावर चढवला. ते कोरड्या आवाजात, कामाचा कागद वाचावा तसं वाचायला लागले. "'आणि धुक्यातून कुणीतरी चालत आलं. तो तिच्या भावाच्या उंचीचा होता. तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन तो थांबला. तिनं त्याला नावानं हाक मारली. तो मुकाट उभा राहिला. तिनं त्याला बैलाची आठवण दिली, राक्षसाची दिली, चोरून खाल्लेल्या अंजिरांची दिली. तो मुकाट उभा राहिला...'" काका थांबले. "पुढं वाचू?"

"नको."

मग तिनं काकांना सांगितलं. गठ्ठ्याचं, पिवळ्या पट्टीचं, धाकटीचं, आणि सांगता सांगता फोनचंही. काकांना थोरला चांगला माहीत होता. लहानपणी तो कटरच्या मशीनखालच्या पट्ट्या गोळा करायला यायचा. काकांनी तो गठ्ठा उचलला, तोलला, आणि कटरकडे पाहिलं.

"ऐक माझं. मी याच्या बारीक पट्ट्या करतो. दोन मिनिटांचं काम. त्या दुसऱ्या पुस्तकाचा दहावा कमी पडला तर छापखान्यानं कमी पाठवला म्हणू. ते तर रोजच कमी पाठवतात. कुणाला कळतंय? तुझ्या पोरीचा भाऊ जिवंत राहील, आणि त्या बाकीच्या पोरांचाही."

तिनं हो म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण बावीस वर्षं पुस्तकं जुळवलेली बाई, तिला पुढचा फॉर्मा आठवल्याशिवाय कसा राहील? "अकराव्यात काय आहे, काका?"

काकांनी अकराव्याचं एक पान शोधलं. नुसतं वरवर चाळलं आणि चष्मा काढला. "नाही जमायचं," ते म्हणाले. "पहिल्याच ओळीत ती भावाच्या सावलीला मागं ठेवून निघते."

आकाश फाटल्यावर ठिगळ लावायचं तरी कुठं. दहावा फाडला, तर अकरावा आहे. अकरावा फाडला, तर बारावा आहे.

मालक आल्यावर ती केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले. "शिडीबाई, तुमच्याकडून?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी दुकानांना फोन केले, गोदामातून उरलेल्या प्रती आणवल्या, आणि शेवटी म्हणाले, "तुम्हीच बसा. दुसऱ्या कुणाच्या हातून हे नीट व्हायचं नाही." तिच्यावरचा विश्वास अजून होता म्हणायचा. त्याचं तिला काय करायचं होतं?

ती दिवसभर बसली. कटरच्या बाजूला, खिडकीपाशी, पुढ्यात खळीचं भांडं आणि धारदार पाती. प्रत उघडायची, नवव्या आणि अकराव्याच्या मधे पाती घालायची, दोरा कापायचा, पिवळा फॉर्मा अलगद ओढून काढायचा. पाठीला खळ लावायची, पांढरा फॉर्मा आत सरकवायचा, दाबायचा. पिवळे फॉर्मे तिच्या डाव्या हाताला साठत गेले, प्रत्येकाच्या पहिल्या ओळीत तो "आलो, आलो" म्हणत होता. आता तिला ती ओळ वाचता येत होती. इतक्यांदा समोर आली की अक्षरं लावावी लागेनात. पाठीमागून बायका टेबलाभोवती फिरत होत्या आणि आज कुणी चेष्टा करत नव्हतं. दुपारपर्यंत तिनं चाळीस भाऊ काढले आणि चाळीस सावल्या चिकटवल्या. दुकानांतल्या प्रती परत यायच्या होत्या. काही येणारही नव्हत्या, त्या आधीच कुणाकुणाच्या घरी गेल्या होत्या.

संध्याकाळी निघताना मालक म्हणाले, "घरची प्रतही आणा हो उद्या. एकही बाहेर नको." तिनं एक पांढरा दहावा फॉर्मा घडी न मोडता पिशवीत घातला. वाटेत तिनं ठरवलं. पोरीला समोर बसवायचं, आधी पुस्तकाचं सांगायचं, मग फोनचं. आज नाही तर उद्या कळणारच आहे. झाकली मूठ किती दिवस झाकायची? वाक्यंसुद्धा ठरवली तिनं. जिना चढेपर्यंत ती पाठ झाली होती.

धाकटी दारातच उभी होती. तोंड लाल, डोळे सुजलेले, पण रडण्याच्या पलीकडे गेलेली, तणतणणारी. हातात पुस्तक.

"आई, मी नियम मोडला. अकरावा वाचला दुपारी. आणि तुमच्या बाइंडरीत कुणीतरी मोठी चूक करून ठेवलीय!"

शिडीबाई उंबऱ्यातच थांबली.

"अकरावा फॉर्मा चुकीचा लागलाय!" धाकटी म्हणाली. "दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाचा आहे. त्यात काय लिहिलंय माहितेय? तो मेला म्हणे! त्याची सावली म्हणे! अरे पण दहाव्यात तो बोललाय ना? अंजिरं खाल्ली ना त्यानं? मेलेली माणसं अंजिरं खातात का? कुणा मूर्ख बाईनं हा अकरावा लावला असेल? किती मुलांना वाटेल की तो मेला. तू मालकांना सांग उद्या. सांगशील ना?"

आत दादाचा पलंग दिसत होता. चादर ताणून घातलेली, उशी उभी करून ठेवलेली.

"तू बघ ना, तुला लगेच कळतं." धाकटीनं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि तिच्या दंडाला धरून खेटून उभी राहिली. "सांग. दहावा बरोबर आहे की नाही? अकरावाच चुकलाय ना?"

शिडीबाईचा आंगठा पानांच्या कडेवर गेला आणि पिवळ्या पट्टीवर थांबला. दुसरा हात पिशवीत होता, पांढऱ्या फॉर्म्यावर. जिन्यात पाठ केलेलं पहिलं वाक्य तिनं आठवून बघितलं. ते आठवलं. तिनं तोंड उघडलं. तिच्यासमोर हातभर अंतरावर तिची पोर मान वर करून उभी होती, आणि शिडीबाईच्या गळ्यातून काहीही बाहेर आलं नाही.

धाकटी वाट बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरायला लागला. नवव्या फॉर्म्यातलं तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तिनं आईचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि हलवला.

"आई, अशी उभी नको राहूस," ती म्हणाली. "काहीतरी बोल ना."